एकरी ३० किलोच बियाणे का? दहाच्या घातांनी वजनाचा हिशोब



लातूरच्या आडतीवर सोयाबीनचा भाव क्विंटलवर निघतो, बियाणे किलोवर मिळते, बीजप्रक्रियेचे औषध ग्रॅममध्ये सांगतात आणि माती परीक्षण पत्रिकेत जस्त मिलिग्रॅमवर येते. पीक एक, मापे चार. शून्ये मोजत हिशोब केला की एखादे शून्य निसटते आणि औषध दहापट पडते.

आपल्याकडे १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली व शेर-मणाचा हिशोब मागे पडला. या वजनांची सोय अशी की प्रत्येक माप दहाच्या घातात बसते. ग्रॅम मूळ धरला तर मिलिग्रॅम म्हणजे १०⁻³, किलो १०³, क्विंटल १०⁵ व टन १०⁶ ग्रॅम. गुणाकारात घातांक मिळवावेत, भागाकारात वजा करावेत, एवढेच नियम. क्विंटलचे किलो किती? ५ − ३ = २, म्हणजे १०², अर्थात १००.

आता हे बियाण्याला लावून पाहू. सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे सांगितले जाते. हा आकडा आला कोठून? पेरणी ४५ × ५ सें.मी. अंतरावर केली तर एका झाडाला २२५, म्हणजे २.२५ × १०² चौ. सें.मी. जागा मिळते. एक हेक्टर म्हणजे १०⁸ चौ. सें.मी. भागाकार केला की ०.४४४ × १०⁶, म्हणजेच ४.४४ × १०⁵ झाडे येतात. आपला लाख म्हणजे १०⁵, तेव्हा हेक्टरी ४ लाख ४४ हजार झाडे हवीत.

समजा, १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम भरले. एक दाणा १२ × १०⁻² ग्रॅमचा झाला. ७५ किलो म्हणजे ७५ × १०³ ग्रॅम. भागताना ७५ ÷ १२ = ६.२५ आणि घातांक ३ − (−२) = ५. (ऋण घातांक वजा करताना मिळवला जातो, गडबड बहुधा येथेच होते.) दाणे झाले सव्वासहा लाख. उगवण ७० टक्के धरली, तर ४ लाख ३७ हजार रोपे. शिफारस जुळली!

परंतु घरच्या बियाण्याचा दाणा दरवर्षी सारखा नसतो. शेंगा भरताना पाऊस चांगला झाला तर दाणा टपोरा होतो. १०० दाणे १४ ग्रॅम भरले तर तेवढ्याच उगवणीला हेक्टरी सुमारे ८९ किलो, म्हणजे एकरी साडेपस्तीस किलो बियाणे लागेल. ३० किलोत रान विरळ राहील. दाणा १० ग्रॅमचा असेल तर हेक्टरी साडेत्रेसष्ट किलोत भागते. म्हणून पेरणीआधी औसा असो की कंधार, १०० दाणे सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या आणि दुसरे १०० ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. उगवण साठ टक्क्यांच्याही खाली गेली, तर बियाणे वाढवून पेरण्यापेक्षा ते बदललेलेच बरे, असे माझे मत आहे. वाणानुसार पेरणीचे अंतर वेगळे असेल तर २२५ च्या जागी तो आकडा घ्यावा.

हीच रीत माती परीक्षण पत्रिकेलाही लागते. तेथील ‘पीपीएम’ म्हणजे दर किलो मातीत इतके मिलिग्रॅम. १०⁻³ भागिले १०³ बरोबर १०⁻⁶, दहा लाखांत एक भाग. वरच्या १५ सें.मी. थरात हेक्टरी सुमारे २.२४ × १०⁶ किलो माती धरतात. दोन्ही घातांक एकमेकांना खातात व पीपीएमला २.२४ ने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. जस्ताची ०.६ पीपीएम ही मर्यादा म्हणजे हेक्टरी १.३४ किलो उपलब्ध जस्त. कमतरता असल्यास मात्र हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट सांगतात. त्यात २१ टक्के, म्हणजे सव्वापाच किलो जस्त असते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यातील बराच भाग मातीत अडकून बसतो, म्हणून मात्रा अशी वरचढ दिसते.