रंग गेला, तरी मीठ उरतें

खाडीकांठच्या शेतकऱ्यास मिठाशीं झगडा नवा नाहीं. बांध फुटून भरतीचें पाणी खाचरांत शिरलें, म्हणजे पिकाची काय दशा होते, हें त्यास सांगावयास नको. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' ह्या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती ह्याच कारणास्तव काढल्या. जी गोष्ट भाताची, तीच सूक्ष्म जंतूंची. त्यांतही खार सोसणाऱ्या जाती असून, कापडाच्या कारखान्यांतील रंगीत सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामीं त्यांचा उपयोग होऊं शकतो. अशा पाण्याचा संबंध शेवटीं शेताशीं येतो, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

ठाणें-बेलापूर रस्त्यावरील पावणे व आसपासचा पट्टा एके काळीं भातखाचरांचा होता. आज तेथें रसायनें, औषधें, रंग इत्यादींचे कारखाने आहेत. त्यांचें सांडपाणी शुद्ध करणारें सामुदायिक केंद्र पावणे येथेंच असून, तें पाणी पुढें ठाण्याच्या खाडीस मिळतें. ह्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. इचलकरंजी व सोलापूर ह्या कापडाच्या गांवीं मात्र खाडी नाहीं. तेथें सांडपाण्याशीं गांठ नदी, ओढे व विहिरी यांची पडते.

रंगाच्या पाण्यांत मीठ येतें कोठून? सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या द्रावणांत दर लिटरास सुमारें ३० ते १०० ग्रॅम मीठ घालावें लागतें. एवढें करूनही कांहीं रंग सुतावर न बसतां पाण्याबरोबर वाहून जातो. शुद्धीकरणाच्या हौदांतील नेहमींच्या जंतूंस हें खारें पाणी मानवत नाहीं. मिठाचें प्रमाण शेंकडा १ च्या वर गेलें, कीं त्यांच्या शरीरांतील पाणी बाहेर ओढलें जातें व त्यांचें काम मंदावतें.

मिठागरें, खाडीचा गाळ, लोणारचें सरोवर अशा ठिकाणीं वाढणारे जंतु मात्र स्वतःच्या शरीरांत विशिष्ट द्रव्यें सांठवून ही ओढ सहन करितात. 'हॅलोमोनास' हा त्यांतील एक प्रसिद्ध वंश होय. पुष्कळशा रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंचा जोड असतो. हवा न मिळणाऱ्या हौदांत जंतु हा जोड तोडतात व पाणी रंगहीन होतें. परंतु येथें काम संपत नाहीं. तुटलेल्या तुकड्यांपैकीं कांहीं विषारी असतात. ते नाहींसे करण्यासाठीं दुसऱ्या हौदांत भरपूर हवा देऊन पुन्हां जंतूंकडूनच काम करून घ्यावें लागतें.

आतां शेतकऱ्यानें ध्यानांत धरण्याची मुख्य गोष्ट. हे जंतु मीठ सोसतात, खात नाहींत. पाणी कितीही निवळ दिसलें तरी त्यांतील मीठ जसेंच्या तसें राहतें. दर लिटरास केवळ २ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याची तीन इंची एक पाळी एका एकरास दिली, तर सुमारें ३ लक्ष लिटर पाण्याबरोबर ६०० किलो मीठ शेतांत पडतें. काळ्या जमिनींत त्यांतील सोडियम मातीचे कण विस्कटून टाकतो, निचरा बंद होतो, वाफसा येईनासा होतो, आणि चांगली जमीन चोपण बनते. मीठ काढण्याचे उपाय निराळे व खर्चाचे आहेत.

म्हणून शुद्ध केलेलें सांडपाणी कोणी देऊं केलें, तर केवळ रंग पाहून तें घेऊं नये. त्याची विद्युत्‌वाहकता व सोडियमचें प्रमाण यांचा लेखी अहवाल मागावा. सिंचनाच्या पाण्यासाठीं वाहकतेची मर्यादा २२५० मायक्रोम्हो मानिली जाते. वरील उदाहरणांतलें पाणी तीपलीकडे जातें. शेजारच्या विहिरीचें पाणी व शेतांतील माती यांचीही उन्हाळ्यांत व पावसाळ्यानंतर तपासणी करावी. जंतूंचें काम स्तुत्य आहे. परंतु जमिनीची राखण शेतकऱ्यानेंच करावयाची आहे.