रात्रीच्या आकाशातील ‘ड्रोन’ : एक वैज्ञानिक स्पष्टीकरण
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत बीड व जालना जिल्ह्यांत, तसेच पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत, रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या. चोर घरांची टेहळणी करीत आहेत असा समज पसरला व गावोगावी तरुणांनी गस्त सुरू केली. राज्य विधिमंडळातही हा विषय उपस्थित झाला. बीडला लागून असलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचे आकाश याहून निराळे नाही. अशा दिव्यांचे सर्वांत साधे स्पष्टीकरण बहुधा प्रवासी विमान हेच असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक स्थान :
नकाशावर मुंबई व हैदराबाद ही विमानतळे सरळ रेषेने जोडली असता ती रेषा तुळजापूर परिसराजवळून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग या रेषेशी तंतोतंत जुळतातच असे नाही. तथापि जिल्ह्याच्या आकाशातून रात्री विमाने जाणे स्वाभाविक आहे. सुमारे १० किलोमीटर उंचीवरील विमान क्षितिजापासून १० अंशांवर दिसत असेल, तर ते निरीक्षकापासून सुमारे ५७ किलोमीटर दूर असते. म्हणजे धाराशिव शहरातून दक्षिणेस दिसणारा दिवा सोलापूरच्या आकाशातील विमानाचा असू शकतो. पाहणाऱ्यास मात्र तो शेजारच्या शिवारावर भासतो.

भ्रम कसा होतो?
१) विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा, उजव्या पंखावर हिरवा व शेपटीकडे पांढरा दिवा असतो, शिवाय लुकलुकणारे दिवे असतात. ड्रोनवरही साधारण असेच दिवे असल्याने गल्लत होते.
२) आपल्या दिशेने सरळ येणारे विमान काही काळ एका जागी स्थिर असल्यासारखे दिसते व वळताच ‘अचानक निघून गेले’ असे वाटते.
३) १० किलोमीटरवरून ध्वनी पोहोचण्यास सुमारे अर्धा मिनिट लागतो. त्यामुळे आवाज व दिवा यांची दिशा जुळत नाही. अंतर अधिक असल्यास आवाज ऐकूही येत नाही.
४) काळोखात एकाच प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिल्यास तो हलल्याचा भास होतो. पावसाळ्यात ढग सरकत असता स्थिर ताराही धावतो असे वाटते.

याउलट लहान ड्रोन बॅटरीवर साधारण अर्धा तास टिकतो आणि शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर असल्यास रात्रीच्या शांततेत त्याची घरघर सहसा ऐकू येते. तासन्‌तास, निःशब्दपणे दिसणारा दिवा लहान ड्रोनचा असण्याची शक्यता म्हणूनच कमी ठरते.

अन्यत्रचा अनुभव :
२०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात असेच भय पसरले. एफबीआयकडे पाच हजारांहून अधिक माहित्या आल्या. त्यांतील सुमारे शंभरच पुढील तपासायोग्य ठरल्या. १६ डिसेंबर २०२४ च्या संयुक्त निवेदनात तेथील शासकीय यंत्रणांनी कायदेशीर ड्रोन, विमाने, हेलिकॉप्टर व चुकून ड्रोन समजले गेलेले तारे ही कारणे नमूद केली.

सामाजिक परिणाम :
प्रश्न केवळ खगोलीय कुतूहलाचा नाही. भय आकाशातून उतरते ते रस्त्यावरील अनोळखी माणसावर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. भटक्या जमाती व ऊसतोड कामगारांची सतत ये-जा असणाऱ्या आपल्या भागात हे विसरून चालणार नाही.

निष्कर्ष :
प्रत्येक दिवा विमानाचाच असतो असे नाही. फवारणी, मोजणी व चित्रीकरणासाठी ड्रोन वापरात आहेत आणि गैरवापरही संभवतो. म्हणून संशयास्पद बाब ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविणे योग्यच आहे. परंतु तत्पूर्वी वेळ, दिशा व क्षितिजापासूनची उंची नोंदवून ती विमानांचा थेट मार्ग दाखविणाऱ्या संकेतस्थळाशी ताडून पाहावी. भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हा प्रयोग विद्यार्थी व ग्रामस्थांकडून करवून घेतल्यास वैज्ञानिक दृष्टिकोन रुजेल आणि कदाचित एखाद्या निरपराध वाटसरूचा जीवही वाचेल.