गायक गच्चीवर, कंडक्टर स्टुडिओत!

ए, एक कोडं सोडव बघू! स्टेजवर ऐंशी-नव्वद वादक बसलेत. व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, ड्रम, सगळं दणक्यात चाललंय. पण एक जण काहीच वाजवत नाहीये. तरी टाळ्या त्यालाच! कोण तो?

कंडक्टर! त्याच्या हातात असते एक बारीक काठी, बॅटन. तिचा आवाज? शून्य!

मग हा करतो तरी काय? शाळेतली प्रार्थना आठव. पुढची रांग कडवं संपवते, तेव्हा मागची रांग अजून मध्येच असते! ऑर्केस्ट्रात असा गोंधळ चालणार नाही. म्हणून कंडक्टर उजव्या हाताने लय दाखवतो. डावा हात सांगतो, 'हळू... अजून हळू... हां, आता जोरात!'

प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्याच वाद्याचे सूर लिहिलेले असतात. कंडक्टरपुढच्या जाडजूड वहीत मात्र सगळ्यांचे! झांजवाला बिचारा कितीतरी वेळ गप्प बसून असतो. त्याची पाळी आली, की कंडक्टर त्याच्याकडे बघतो आणि... झण्ण!

आता खरी गंमत. जगातले एक फार मोठे कंडक्टर जन्मले आपल्या मुंबईत, १९३६ साली! झुबिन मेहता. वडील मेहली व्हायोलिन वाजवायचे. मुंबईत त्यांनी ऑर्केस्ट्राही उभा केला होता. झुबिन निघाले होते डॉक्टर व्हायला. पण अठराव्या वर्षी ते सोडून थेट व्हिएन्ना गाठलं, संगीत शिकायला! पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्राएल... मोठमोठे ऑर्केस्ट्रा त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर वाजले.

१९९२ मध्ये तर कमालच झाली! 'तोस्का' नावाचा एक ऑपेरा आहे. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात बोलायचं ते गाऊनच! 'तोस्का'ची गोष्ट घडते रोम शहरात. एका चर्चमध्ये, एका महालात आणि शेवटी पहाटे एका किल्ल्याच्या गच्चीवर. मग ठरलं, त्याच खऱ्या जागांवर, त्याच वेळांना गायचं. आणि तेही टीव्हीवर थेट! शंभराहून जास्त देशांत!

पण एवढा ऑर्केस्ट्रा पहाटे गच्चीवर कसा चढवणार? तो बसला दूर स्टुडिओत. मेहतासाहेबही तिथेच! गायकांना त्यांचे हात दिसायचे फक्त टीव्हीच्या पडद्यावर. ते बघत बघत त्यांनी अख्खा ऑपेरा गायला. चूक झाली तर पुन्हा घ्यायची सोयच नाही! मला तर विचारानेच घाम फुटतो.

आता तू एक कर. ऑर्केस्ट्राचा एखादा व्हिडिओ लाव, आवाज बंद कर आणि फक्त कंडक्टरचे हात बघ. पुढे कोण वाजवणार, ओळखता येतंय का?