आजीची शेंदराची डबी

आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे!) घरात मूलद्रव्यांचा तक्ता आला तो नववीतल्या चिरंजीवांच्या हातून, आणि सगळ्यांची जेवणे बेचव झाली. आमटीत मीठ टाकणाऱ्या आईचा त्याने हात धरला. "यात क्लोरीन आहे. १९१५ साली लढाईत याच वायूने सैनिक मारले!" मग साखरेवर धाड. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत उसाचा रस गंधकाच्या धुराने उजळतात, हे त्याला कुठून तरी कळले होते. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तिथे बिनसाखरेचा चहा! पाहुण्यांनी काय म्हणावे?

"आणि तुझ्या हाडांत काय आहे?" मी विचारले. फॉस्फरस! मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे सातशे ग्रॅम. काडेपेटीच्या कडेलाही तोच.

"म्हणजे आजोबांनी आता विडी ओढायची नाही," धाकटी म्हणाली.

खरे तर सोडियम पाण्यात पडले की भडकते, क्लोरीन फुप्फुसे जाळतो; पण दोघांचे लग्न लागले की निमूट मीठ होते. सगळा प्रश्न संगतीचा आणि मात्रेचा.

एवढ्या झडतीतून सुटली ती देवघरातली शेंदराची डबी. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शेंदूर खाल्ला की गळा जातो, ही गवयांच्या गोष्टींतली दहशत आपण लहानपणापासून ऐकतो. पण शिशाचा खरा डोळा पोरांच्या मेंदूवर. कॅल्शियमचे सोंग घेऊन ते हाडांत शिरते आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. मोठ्यांच्या चौपट-पाचपट शिसे लहान मुलांचे पोट शोषते. याची निर्धोक मात्रा कुणाला सापडलेली नाही. पेट्रोलमधून त्याला २००० साली देशभर हाकलले. देवघरातून कोण हाकलणार?

आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या नांदूर निंबादैत्य गावात मारुतीचे देऊळच नाही. दैत्याच्या मानाखातर तिथे मारुतीचे नाव घेत नाहीत, मारुती मोटारसुद्धा चालत नाही. चिरंजीवांनी ते उदाहरण देताच आजी उखडली. "मग काय, दैत्याच्या गावाला राहायला जाऊ?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी डबी उंच फळीवर गेली. शनिवारी मारुतीला शेंदूर लावून झाला की आजी साबणाने हात धुते, मगच माझ्या भावाच्या रांगत्या पोराला उचलून घेते. मिठाची बरणी परत जागेवर आली आहे. धाकटी मात्र आजोबांच्या विडीवर अजून पाळत ठेवून आहे.