कोणता मिल्खा?

२९ डिसेंबर २०२४च्या रात्री पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. स्टीलर्सचे प्रशिक्षक होते मनप्रीत सिंग. २०१६ साली पाटण्याने तिसरा हंगाम जिंकला तो याच मनप्रीतच्या कप्तानीखाली, म्हणजे समोर त्यांचाच जुना संघ होता. प्रशिक्षक म्हणून तीन अंतिम सामन्यांत त्यांच्या पदरी हार आली होती. दोन वेळा गुजरातचे प्रशिक्षक असताना, तर तिसऱ्यांदा मार्च २०२४मध्ये हैदराबादला, पुणेरी पलटणच्या हातून, २८-२५ अशी. ज्या गावाच्या संघाने करंडक हिरावला, त्याच गावात येऊन त्यांनी तो मिळवला. कबड्डीच्या चाहत्याला यापेक्षा रसाळ गोष्ट कुठली हवी?

पण कबड्डीच्या वर्तुळाबाहेर ‘मनप्रीत सिंग’ म्हणा, ऐकणाऱ्याला हॉकीच आठवणार. जालंधरजवळच्या मिठापूरचा मनप्रीत, टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचा कप्तान. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीला ५-४ असं नमवून त्याच्या संघाने कांस्यपदक आणलं आणि हॉकीतला ४१ वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपवला. शिवाय चेन्नई सुपर किंग्जच्या पहिल्या हंगामातला उंचापुरा वेगवान गोलंदाज मनप्रीत गोणी आहेच. गोळाफेकीत मनप्रीत कौर आहे.

याचं मूळ पंजाबातल्या नावांच्या रीतीत आहे. तिथे मनप्रीत, गुरप्रीत, बलजीत ही नावं मुलालाही चालतात आणि मुलीलाही. पुढे सिंग लागलं की मुलगा, कौर लागलं की मुलगी. आडनाव बहुतेकदा लावतच नाहीत. त्यामुळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्य जिंकणाऱ्या संघाचा कप्तान हरमनप्रीत, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला क्रिकेटचा विश्वचषक उंचावणारी कप्तानही हरमनप्रीतच. एक अमृतसर जिल्ह्यातला, दुसरी मोग्याची. दोघंही एवढे मोठे की कुणीच कुणाच्या सावलीत जात नाही.

सावलीत जाणं म्हणजे काय, हे पाहायचं तर मद्रासला जावं लागेल.

जानेवारी १९६०मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासच्या कसोटीत अठरा वर्षांचा एक डावखुरा फलंदाज भारताकडून पहिल्यांदा खेळला. त्याचं नाव मिल्खा सिंग. त्याच वर्षी सप्टेंबरात रोममध्ये दुसरे मिल्खा सिंग ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत धावले, चौथे आले आणि देशाच्या दंतकथेत कायमचे जाऊन बसले. एकाच वर्षात एकाच नावाचे दोन सरदारजी भारताचं प्रतिनिधित्व करत होते आणि त्यातल्या एकाचं नाव आज क्रिकेटच्या जाणत्यांनाही आठवून सांगावं लागतं.

हा क्रिकेटपटू मिल्खा ए. जी. मिल्खा सिंग. त्याची आद्याक्षरं मोठी बोलकी आहेत. ‘ए. जी.’ म्हणजे अमृतसर गोविंदसिंग. तमिळ मुलखात नावाआधी मूळ गावाचं आणि बापाचं अक्षर लावायची पद्धत. मद्रासमध्ये रुजलेल्या या शीख घराण्याने ती उचलली आणि अमृतसर कायमचं नावात गोवून टाकलं. वडील ए. जी. राम सिंग हे घराण्यातलं खरं भारी नाव. १९३४ साली रणजी करंडकाचा पहिला सामना चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि एका दिवसात संपला. तो संपवला राम सिंग यांनीच, अकरा बळी घेऊन. एवढं करूनही त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. ते भाग्य मुलांना मिळालं. थोरल्या कृपाल सिंगने १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध पदार्पणातच नाबाद शतक ठोकलं. धाकटा मिल्खा चार कसोटी खेळला. १९६१च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्नवर इंग्लंडविरुद्ध हे दोघे भाऊ एकाच संघात होते. त्या सामन्यानंतर मिल्खाला पुन्हा कसोटी मिळाली नाही. तेव्हा त्याला वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

धावपटू मिल्खांचा ४०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम मात्र १९९८पर्यंत टिकला. पुढे मुलगा जीव याने बापाचं नाव स्वतःच्या नावापुढे लावून ते गोल्फच्या मैदानावर नेलं. जीव मिल्खा सिंगने २००६ साली युरोपियन टूरवर चायना ओपन आणि व्होल्वो मास्टर्स जिंकली. म्हणजे ‘मिल्खा सिंग’ ही अक्षरं ॲथलेटिक्स, क्रिकेट आणि गोल्फ अशा तीन खेळांच्या निकालपत्रकांत आहेत. क्रिकेटपटू मिल्खा २०१७मध्ये चेन्नईत वारले, धावपटू मिल्खा २०२१मध्ये चंडीगडला. दुसऱ्यांच्या वेळी देश हळहळला. पहिल्यांची बातमी बहुतेकांनी पाहिलीसुद्धा नसेल.

टोपणनावांचीही हीच तऱ्हा. ‘फ्लाइंग सिख’ म्हणजे मिल्खा, हे आपल्याला पाठ. पण पूर्व आफ्रिकेत त्याच नावाने जोगिंदर सिंग ओळखले जात. केनियात जन्मलेल्या या मोटारपटूने चिखलाधुळीची सफारी रॅली १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली. पहिल्यांदा व्होल्वोत, नंतर दोनदा मित्सुबिशीत. इकडे भारतात आणखी दोन जोगिंदर सिंग होतेच. एक टोकियोच्या १९६४च्या सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघात, दुसरा बँकॉकच्या १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धांत गोळाफेकीचं सुवर्ण घेणारा.

रणधीर सिंग हे नाव तर चार खेळांत सापडतं. हॉकीतले रणधीर १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तिन्ही ऑलिम्पिकच्या सुवर्णपदकांचे मानकरी. मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा एकमेव गोल त्यांचाच. त्यांच्या नावापुढे ‘जंटल’ लागलं आणि ते कायमचं चिकटलं, म्हणून ते सहज ओळखू येतात. पतियाळाच्या राजघराण्यातल्या रणधीर सिंगांनी १९७८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅप नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं आणि पुढे क्रीडाप्रशासनात उभी हयात घालवली. तिसरे दीर्घकाळ बेंगळुरू बुल्सचे कबड्डी प्रशिक्षक होते. चौथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारताकडून दोन एकदिवसीय सामने खेळून गेले. त्यांच्या नावापुढे काहीच लागलं नाही, आणि आठवणीतून तेच आधी पुसले गेले.

एकाच खेळात असं झालं की मग वेगळी खूणच लावावी लागते. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघात एकाच वेळी तीन बलबीर सिंग होते. एक पंजाब पोलिसांचा, एक रेल्वेचा, एक सेनादलाचा. नोकरीचं खातं हीच ओळख. थोरले बलबीर, म्हणजे हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात पाच गोल करणारे, ‘सीनियर’ झाले ते याच गर्दीमुळे.

हरियाणाने यावर आपल्याला ओळखीचा तोडगा काढला. रोहतकच्या मातीतले दोन दीपक हुडा, वयात वर्षाचंही अंतर नाही. एकाने जून २०२२मध्ये आयर्लंडविरुद्ध टी-ट्वेंटीत शतक केलं. दुसरा कबड्डीत पुणेरी पलटणचा कप्तान होता. तो ‘दीपक निवास हुडा’ लिहितो, मधलं नाव वडिलांचं. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत वडिलांचं नाव मध्ये येतंच.

पण खेळाच्या बातमीत आपण ते बिनदिक्कत गाळतो. ‘के. जाधव’ एवढंच लिहिलं तर गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव, १९५२चे ऑलिम्पिक कांस्यपदक विजेते पैलवान, की पुण्याचा क्रिकेटपटू केदार महादेव जाधव, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? कुस्तीचा फड याबाबतीत जास्त शहाणा. निवेदक पैलवानाला नुसत्या नावाने पुकारतच नाही. गाव, तालीम, वस्ताद, सगळं घेऊनच गडी मैदानात उतरतो. कुंडलच्या मैदानात दहा संदीप आणि बारा सचिन असले तरी कुणाचा घोळ होत नाही. आणि सचिन तर आता वाढतच जाणार. बीडच्या सचिन धसचं नाव तेंडुलकरवरूनच ठेवलंय, आणि तो १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळूनही आला.

जिल्हा संघटनांचे चिटणीस, शाळांचे क्रीडाशिक्षक, वार्ताहर, सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. निकाल लिहाल तेव्हा खेळाडूचं पूर्ण नाव लिहा, वडिलांचं नाव घाला, गाव घाला, आणि प्रशिक्षकाचंही तसंच. कागदावर चार शब्द जास्त लागतील, ते लागू द्या.