तुटलेले शेजार (भाग सहावा) : सकाळी नऊचा फोन

पानमुनजोममध्ये दक्षिण कोरियाच्या संपर्क कार्यालयात दोन टेलिफोन शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. एक लाल, एक हिरवा. सकाळचे नऊ वाजले की तिथला अधिकारी उत्तर कोरियाला फोन लावतो. संध्याकाळी पाचला पुन्हा लावतो. पलीकडचे कार्यालय हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी तिकडून कोणीतरी उचलायचे. काही निरोप आहे का, नाही, एवढेच बोलणे बहुतेक दिवशी व्हायचे. ७ एप्रिल २०२३ रोजी तो फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर दोन वर्षे उलटली तरी दक्षिणेकडचा अधिकारी रोज दोनदा फोन लावत होता आणि घंटा वाजून वाजून थांबत होती.

मागच्या भागात भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधल्या हॉटलाइनविषयी सविस्तर आले आहे. मे २०२५ मधला संघर्ष थांबला तो १० मेच्या दुपारी याच पातळीवर झालेल्या फोनमुळे. दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ मध्ये सुरू झालेली ही देवाणघेवाण कारगिलनंतरही थांबली नाही आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ लाही झाली. दोन कोरियांमध्ये आज अशी एकही गोष्ट नियमाने होत नाही. अण्वस्त्रांची चर्चा निघाली की बॉम्ब किती, क्षेपणास्त्राचा पल्ला किती, हेच आधी विचारले जाते. कोरियाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न त्या फोनचाच विचारायला हवा.

या देशाचे दोन तुकडे झाले तेच मुळी घाईघाईत. १९४५ च्या ऑगस्टमध्ये कोरियावर राज्य करणारा जपान शरण येण्याच्या बेतात होता आणि सोव्हिएत फौजा कोरियात उतरत होत्या. वॉशिंग्टनमध्ये १० ऑगस्टच्या रात्री डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना कोरियाची वाटणी सुचवायला सांगण्यात आले. हाताशी होता नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा आणि वेळ अर्ध्या तासाचा. अमेरिकेच्या वाट्याला सोल शहर यावे म्हणून त्यांनी ३८ अक्षांशावर बोट ठेवले. एकाही कोरियन माणसाला विचारले गेले नाही. पाच वर्षांनी, २५ जून १९५० रोजी, उत्तरेच्या फौजा ती रेषा ओलांडून खाली आल्या. तीन वर्षांच्या युद्धात सोल चार वेळा या हातातून त्या हातात गेले. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोम इथे शस्त्रसंधी झाली, पण शांतता करार झालाच नाही. शस्त्रसंधीवरही दक्षिण कोरियाची सही नाही, कारण राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना युद्ध थांबवायचेच नव्हते. चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब असा निर्लष्करी पट्टा तेवढा मागे राहिला, आणि तोच आजवर सीमेचे काम करतो आहे.

या पट्ट्यात मराठी माणसाची एक आठवण आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, हा मोठा पेच होता. त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि बावीस हजारांहून अधिक कैदी ज्या भारतीय दलाच्या ताब्यात आले त्याचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाय ठेवता कामा नये, असे ऱ्ही यांनी बजावले होते. त्यामुळे इंचॉनच्या किनाऱ्यावर आलेल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांमधून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तळाला त्यांनी नाव दिले हिंदनगर. १९५३ च्या सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला ओढून आपल्या कुंपणात नेले. बाहेर भारतीय जवान होते, त्यांच्याजवळ शस्त्रे होती. गोळीबाराचा हुकूम देता आला असता. थोरात स्वतः त्या संतापलेल्या जमावात गेले, त्यांच्याशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणले. हजारो लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना समोर जाऊन बोलणारा माणूस काय करू शकतो, हे त्या कुंपणात दिसले.

तेवीस वर्षांनी त्याच पानमुनजोममध्ये एका झाडावरून युद्ध पेटायची वेळ आली. संयुक्त सुरक्षा क्षेत्रातल्या एका पॉप्लरच्या फांद्यांमुळे अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त राष्ट्र कमांडच्या दोन चौक्यांमधली नजर अडत होती. १८ ऑगस्ट १९७६ ला फांद्या छाटायला माणसे गेली. उत्तरेच्या अधिकाऱ्याने काम थांबवायला सांगितले, शब्दाने शब्द वाढला आणि छाटणीसाठी आणलेल्या कुऱ्हाडींनीच दोन अमेरिकी अधिकाऱ्यांचा जीव घेतला गेला. तीन दिवसांनी तेच झाड तोडायला लोक आले तेव्हा आकाशात बी-५२ बॉम्बफेकी विमाने होती आणि समुद्रात मिडवे ही विमानवाहू नौका. पाऊण तासात झाड पडले. उत्तरेच्या एखाद्या सैनिकाने त्या पाऊण तासात बंदुकीचा चाप ओढला असता तर पुढे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. सुदैवाने दोन्ही बाजूंच्या शस्त्रसंधी आयोगाची बैठक तेव्हा होत असे. उत्तरेचे नेते किम इल सुंग यांनी खेद व्यक्त करणारा संदेश त्याच मार्गाने पाठवला आणि प्रकरण निवळले.

अण्वस्त्रे या गोष्टीत नंतर आली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९५८ पासून १९९१ पर्यंत अमेरिकेची छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रे दक्षिण कोरियात होती, आणि सत्तरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांनी स्वतःचा बॉम्ब करण्याचा गुप्त प्रयत्नही चालवला होता. तो अमेरिकेने दटावून थांबवला. उत्तरेने योंगब्यॉनची अणुभट्टी १९८६ मध्ये सुरू केली आणि १९९३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची धमकी दिली. १९९४ च्या मार्चमध्ये पानमुनजोमच्या वाटाघाटींत उत्तरेचा प्रतिनिधी म्हणाला, युद्ध झाले तर सोल आगीचा समुद्र होईल. ते वाक्य दूरचित्रवाणीवर घरोघरी पोहोचले. जूनमध्ये सोलच्या दुकानांमधून तांदूळ आणि नूडल्सची पाकिटे भराभर उचलली गेली. तिकडे वॉशिंग्टनमध्ये योंगब्यॉनवर हल्ला करावा का, याचा खरोखर विचार चालू होता. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर त्याच महिन्यात निर्लष्करी पट्टा ओलांडून प्याँगयाँगला गेले, किम इल सुंग यांच्यासमोर बसले आणि अणुकार्यक्रम गोठवण्याची कबुली घेऊन आले. ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात करार झाला. तो आठेक वर्षे कसाबसा टिकला. २००३ मध्ये उत्तरेने अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडल्याचे जाहीर केले आणि ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली अणुचाचणी झाली. सहावी आणि सर्वांत मोठी ३ सप्टेंबर २०१७ ला. पुढे अमेरिका आणि उत्तर कोरियाच्या सिंगापूर आणि हनोईतल्या शिखर बैठकांची छायाचित्रे जगभर झळकली, पण एकही अण्वस्त्र कमी झाले नाही.

उत्तरेची सत्ता बॉम्ब का सोडत नाही, याचे उत्तर प्याँगयाँग स्वतःच देत आले आहे: लिबियाकडे पाहा. गद्दाफींनी २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये ते मारले गेले. प्याँगयाँगच्या सत्तेने आपल्या जनतेचे केलेले हाल अक्षम्य आहेत, तरी ही भीती खोटी नाही. ती लक्षात घेतल्याशिवाय पुढचे गणित कळत नाही.

ते गणित असे. सोल निर्लष्करी पट्ट्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईहून कल्याण जितके. देशातली जवळपास निम्मी माणसे सोल आणि त्याच्या परिसरात राहतात. एवढ्या अंतरावरून सुटलेले क्षेपणास्त्र पोहोचायला काही मिनिटे पुरतात. उत्तर डागायच्या तयारीत आहे असे दिसताच आधी आपणच मारायचे, अशी दक्षिणेची योजना आहे. तिचे नाव किल चेन. हल्ला झालाच तर उत्तरेचे नेतृत्वच संपवायचे, हा त्याच धोरणाचा दुसरा भाग. त्याला उत्तरेने ८ सप्टेंबर २०२२ च्या कायद्याने जबाब दिला. नेतृत्वाची सूत्रे धोक्यात आली तर अण्वस्त्रांचा मारा आपोआप आणि तत्काळ व्हावा, असे त्या कायद्यात लिहिले आहे. हल्ला जवळ आला आहे असा नुसता समज झाला तरीही अण्वस्त्र वापरायची मुभा त्यात आहे. एकाच्या सरावाला दुसऱ्याने तयारी समजण्याची शक्यता इथे रोजची आहे. ‘हा सरावच आहे’ असे सांगण्यासाठीच तर सकाळी नऊचा फोन असतो.

समज किती पटकन चुकतो, हे सोलवासीयांनी ३१ मे २०२३ च्या पहाटे अनुभवले. उत्तरेने उपग्रह सोडण्यासाठी रॉकेट उडवले होते. साडेसहाच्या सुमारास शहरात भोंगे वाजले. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मोबाइल किंचाळले: बाहेर पडायची तयारी ठेवा, मुले आणि वृद्धांना आधी न्या. कुठे न्या, कशामुळे न्या, काही नाही. झोपेतून उठलेले आईबाप मुलांना कडेवर घेऊन माहिती शोधू लागले आणि त्या गर्दीने नावेर हे देशातले सर्वांत मोठे संकेतस्थळच अडखळले. बावीस मिनिटांनी गृहखात्याचा संदेश आला की इशारा चुकून गेला होता. रॉकेट समुद्रात कोसळले होते. बावीस मिनिटांत सोलच्या कुठल्या घरात काय झाले असेल, ते ज्याने कधी पोर कडेवर घेतले आहे त्याला सांगायला नको.

त्या वर्षाच्या अखेरीस उत्तरेचे नेते किम जोंग उन यांनी एकीकरणाचे धोरणच सोडून दिले. दक्षिण आता भाऊबंद नाही, शत्रू राष्ट्र. प्याँगयाँगची एकीकरणाची कमान पाडण्यात आली. २०२४ च्या मेपासून उत्तरेने दक्षिणेवर कचऱ्याने भरलेले हजारो फुगे सोडले. दक्षिणेकडचे काही गट पत्रके बांधलेले फुगे तिकडे पाठवत होते, त्याचा तो वचपा होता. दक्षिणेने सीमेवरचे भोंगे पुन्हा लावले, बातम्या आणि के-पॉप सुरू झाले. उत्तरेनेही भोंगे लावले. त्यातून लांडग्यांचे हेल आणि धातू खरवडल्याचे आवाज रात्र रात्र येऊ लागले. गांगह्वा बेटावरच्या तांगसान गावातल्या लोकांनी खिडक्यांना थर्मोकोल लावून पाहिले, तरी लहान मुले झोपत नव्हती. तिथली एक आई सोलच्या संसदेत येऊन खासदारांपुढे गुडघे टेकून रडली.

या बेबनावात एक गोष्ट मात्र नीट पाहण्याजोगी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेने दक्षिणेकडे येणारे रस्ते आणि रेल्वेमार्ग सुरुंगाने उडवले. त्याआधी, ९ ऑक्टोबरला, तिच्या लष्कराने अमेरिकी बाजूला फोनवरून तसे कळवले होते. गैरसमजातून चकमक होऊ नये, म्हणून. दीड वर्षे सोलचा फोन न उचलणाऱ्यांनाही बोलायची गरज वाटली होती.

पुढच्या जूनमध्ये ली जे म्युंग दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ११ जूनला त्यांनी सीमेवरचे भोंगे बंद करायला लावले. दुसऱ्याच दिवशी उत्तरेचे आवाजही थांबले. कुठलीही बैठक झाली नव्हती, करार झाला नव्हता. तांगसानमध्ये त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

फोन मात्र बंदच राहिला. त्या वर्षी मार्चमध्ये दोन आणि मेमध्ये चार असे उत्तरेचे सहा लोक समुद्रात भरकटून दक्षिणेच्या हद्दीत आले होते. सहाही जणांना घरी जायचे होते. त्यांना परत कसे द्यायचे हे विचारायला दक्षिणेजवळ मार्ग उरला नव्हता. संयुक्त राष्ट्र कमांडमार्फत दोनदा निरोप धाडला, उत्तर आले नाही. शेवटी ९ जुलै २०२५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास त्यांची लाकडी बोट पूर्वेच्या समुद्रातली हद्दरेषा ओलांडून उत्तरेकडे निघाली. दक्षिणेच्या नौका मागे थांबून बघत होत्या. रेषेपलीकडे उत्तरेची जहाजे त्यांना न्यायला आलेली होती.

(पुढील आठवड्यात : तैवानची सामुद्रधुनी)