बंदर वाढले, मग शहर का घटले?

जिथे बंदर वाढते तिथे वस्ती वाढते, आणि जिथे वस्ती वाढते तिथे दुकान चालते, असा व्यापाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब असतो. हॉलंडमधील रॉटरडॅम शहराची महायुद्धानंतरची हकीकत पाहिली, तर हा हिशेब अर्धाच खरा ठरतो. म्हणून ती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

१४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्बफेक केली. आठशेहून अधिक माणसे ठार झाली, सुमारे २५ हजार घरे नष्ट झाली आणि ८० हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. भर बाजारपेठेतील दोन हजारांवर दुकाने जळून खाक झाली. पुढे १९४४ मध्ये जर्मन सैन्याने बंदराचे धक्के आणि क्रेनही उडवून दिल्या.

युद्ध संपताच शहराने सर्वात आधी बंदर उभे केले. कमाईचे साधन तेच होते. १९४६ च्या आराखड्यात शहराचा मध्यभाग प्रामुख्याने दुकाने व कचेऱ्यांना देण्यात आला आणि राहण्याची बहुतेक घरे बाहेरच्या बाजूला गेली. दुकानदारांनी तोवर तात्पुरत्या गाळ्यांत धंदा चालू ठेवला. जागा गमावलेल्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी १९५३ मध्ये एकच विशाल इमारत खुली झाली. त्याच वर्षी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली लाइनबान ही दुकानांची पेठही सुरू झाली.

त्यानंतर तेलशुद्धीकरण व रसायनांचे कारखाने समुद्राच्या दिशेने पसरत गेले. १९६२ मध्ये रॉटरडॅमने न्यूयॉर्कला मागे टाकले आणि ते जगातील सर्वात मोठे बंदर झाले. १९६५ च्या सुमारास शहराची लोकसंख्या ७ लाख ३१ हजारांवर पोहोचली. मजूर कमी पडू लागले, तेव्हा डच सरकारने १९६४ मध्ये तुर्कस्तानशी व १९६९ मध्ये मोरोक्कोशी कामगारभरतीचे करार केले.

येथून उलटा प्रवास सुरू झाला. बंदर जगात पहिले होते, तरी १९८० च्या दशकाच्या मध्यास लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात आली. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पगार वाढले तशी कुटुंबे जुन्या, कोंदट घरांतून स्पायकेनिसेसारख्या नव्या वसाहतींत गेली. कुटुंबेही लहान झाली. तितक्याच घरांत कमी माणसे राहू लागली. शिवाय १९६६ मध्ये पहिले कंटेनर जहाज आले आणि जे काम हमालांच्या टोळ्या करीत, ते क्रेनवरची मोजकी माणसे करू लागली. १९८३ मध्ये जहाजबांधणीतील एक मोठा उद्योगसमूह दिवाळखोरीत गेला. केवळ अंगमेहनतीसाठी आणलेल्या परदेशी कामगारांना बेकारीची झळ अधिक बसली.

१९७३ मध्ये परदेशातील भरती थांबली, पण आधी आलेल्यांनी बायका-मुलांना बोलावून घेतले. रिकाम्या होत चाललेल्या जुन्या मोहल्ल्यांत हीच कुटुंबे स्थिरावली. हे सुखासुखी झाले नाही. १९७२ मध्ये आफ्रिकांडरवाइक या मोहल्ल्यात तुर्की कामगारांच्या खोल्यांवर हल्ले झाले होते. आज त्याच मोहल्ल्याचा बाजार भाजी, कापड, मसाले यांसाठी शहरभर प्रसिद्ध आहे. तुर्की व मोरोक्कन बेकऱ्या, किराणा दुकाने आणि हलाल मांसाची दुकाने शहराच्या व्यापाराचा भाग झाली आहेत. शहराची लोकसंख्याही पुन्हा वाढून साडेसहा लाखांपुढे गेली आहे.

व्यापारी व कारागीर बंधूंनी यातून काय घ्यावे? बंदरात किती टन माल उतरला, यावर गल्लीतल्या दुकानाचा गल्ला भरत नाही. मजुरी कोणाच्या हातात पडते, तो राहतो कुठे आणि त्याच्या घरात काय लागते, यावर तो भरतो. नवा कारखाना किंवा गोदी येणार असे ऐकून गाळा घेण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत. कारागिराने चौथाही विचारावा : आज माझे हात जे करतात, ते उद्या यंत्र करू लागले तर माझ्याकडे दुसरे कोणते हुनर आहे? रॉटरडॅममध्ये हा प्रश्न हजारो कामगारांपुढे काम सुटल्यावर उभा राहिला. आपल्याला तो आधीच विचारता येतो.